झाकण उघडं ठेवलं तर

सौदा

"एकदाच चल, बाबा," लेक म्हणाली होती. "नाही जमलं तर मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. मग खुशाल बस शटर ओढून, एकटा."

सोफामास्तरांना सौदा फायद्याचा वाटला. एक दुपार नाक मुठीत धरून काढायची, की जन्माची सुटका. म्हणून तर ते आज इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात दोन रुमाल कोंबून या चिनी हॉटेलातल्या गोल टेबलाशी बसले होते. समोर बांबूची टोपली होती, आणि गिऱ्हाइकाने आणलेल्या जुन्या कोचाकडे बघावं तसं ते तिच्याकडे बघत होते. वरून ठीक. आतून काय निघेल ते देव जाणे.

सौद्याच्या आधीचं थोडं, नाहीतर पुढचं कळायचं नाही

बाजारात त्यांना सगळे सोफामास्तरच म्हणत. उभा जन्म त्यांनी खुर्च्या, कोच आणि दिवाण यांची कातडी सोलण्यात आणि परत चढवण्यात घालवला. आत कोणी काय काय भरून ठेवतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं: भुसा, गोणपाट, एकदा तर कोणाचा तरी जुना कोट, बटणांसकट. त्यातून एक खोड जडली. बंद वस्तूवर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. "वर मखमल, आत चिंध्या," हे त्यांचं जगाविषयीचं मत, आणि लेकीचं लग्न ठरताना ते त्यांनी होणाऱ्या जावयालाही ऐकवलं होतं. जावई म्हणाला होता, "माझं उलटं आहे बाबा. चिंध्या सगळ्या वरच आहेत." तेव्हापासून दोघांचं मेतकूट जमलं.

मग मास्तरांच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, जीव वाचला, जबडाही बराचसा राहिला. पण तोंडाची डावी बाजू झोपी गेली ती उठलीच नाही. जिभेला घास सापडेना. ओठाच्या कोपऱ्यातून काही ओघळलं तर पत्ता लागेना. दवाखान्यात गिळायला शिकवणारी एक बाई होती. मास्तर तिला घशाची बाई म्हणत. तिने मंत्र दिला: लहान घास, हनुवटी छातीकडे, दोनदा गिळा, मगच बोला.

ते सगळं त्यांनी केलं असतं. केलंही. पण पहिल्यांदा बाहेर जेवायला गेले, नात्यातल्याच एकाकडे, तेव्हा काय झालं, तर सगळ्यांची ताटं रिकामी झाली आणि यांचा निम्मा भातही संपला नव्हता. हात वाळवत सगळे बसून राहिले. कोणी उठेना, कोणी बोलेना. सगळे प्रेमानेच बघत होते, हेच तर वाईट. मग यजमान म्हणाले, "सावकाश होऊ द्या, मास्तर."

झालं. तो एक शब्द होता साधा, पिढ्यान् पिढ्या पंगतीत म्हटलेला. मास्तरांच्या छातीत तो टोच्यासारखा घुसला. घाईने घास गिळला, ठसका लागला, शर्ट माखला. ते उठले आणि कोणाकडे न बघता चपला घालून निघाले.

त्या दिवसापासून दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि आत अर्धवट भरलेल्या कोचावर बसून डब्यातला मऊ भात. एकट्याने. घरचं जेवणाचं टेबल ओस पडलं. बायको म्हणे, "तुम्ही नाही तर मी कोणासाठी वाढून घेऊ?" आणि ओट्याशी उभ्या उभ्याच चार घास पोटात ढकलायची.

लेकीने घशाच्या बाईला गाठलं. काय खाऊ घालू त्यांना, चारचौघांत? बाई म्हणाली, "मऊ, ओलं, एका घासाचं. चिनी हॉटेलात मिळतं ते डिमसम दे ना, वाफेवरची भरलेली गठुळी."

टोपली

टोपल्या एका ढकलगाडीवरून येत होत्या. गाडी ढकलणारी बाई ठेंगणी, बाह्या दुमडलेल्या, आवाज खणखणीत. प्रत्येक टेबलाशी थांबून ती टोपलीवरचं झाकण उचलायची, आतली वाफ लोकांच्या तोंडावर सोडायची आणि पुन्हा झाकण ठेवायची. हवं तर घ्या, नको तर गाडी पुढे.

"निदान दाखवते तरी," मास्तर पुटपुटले.

टोपलीत चार गठुळी होती. पांढरट, ओली, वरच्या बाजूने चुण्या घालून मिटलेली.

"ह्याच्यात काय आहे?"

"कोळंबी," लेक म्हणाली.

"असं ती म्हणते."

"अहो, पहिल्याच घासाला भांडू नका," बायको म्हणाली.

"भांडत नाही. विचारतोय."

त्यांनी एक गठुळं आपल्या बशीत घेतलं आणि चमच्याच्या कडेने बरोबर शिवणीवर दाब दिला. जावई बघत होता.

"बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुम्ही थेट मूठच फोडताय."

"सव्वा लाखाची असली, तर उघडूनच घेईन."

आत कोळंबी निघाली. अख्खी, गुलाबी, रसरशीत. तिच्याबरोबर काही भुसा नव्हता, गोणपाट नव्हतं. मास्तरांनी ती उलटून पाहिली, पालटून पाहिली. मग राहिलेल्या तीन गठुळ्यांकडे पाहिलं, तर पातळ पापुद्र्यातून आतला गुलाबी रंग बाहेरूनच दिसत होता. आधी वाफेत दिसला नव्हता इतकंच.

"भरण प्रामाणिक आहे," ते म्हणाले, जरा नाराजीनेच.

झाकण

चहा मात्र बदमाश निघाला.

किटली टेबलावर आली ती उकळती. मास्तरांच्या तोंडाला गरम-गार नीट कळत नव्हतं. एकदा सूप पिऊन जिभेला फोड आला होता आणि तो त्यांना दुसऱ्या दिवशी आरशात दिसला होता. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो, तसे ते आता पाणीही फुंकून पीत. त्यांनी किटलीचं झाकण काढलं आणि तिरकं करून कडेवर ठेवलं. निवू दे.

बाई आली, किटली उचलली, उकळतं पाणी घालून परत ठेवली. गेली.

मास्तरांनी पुन्हा झाकण तिरकं केलं.

पुन्हा बाई. पुन्हा उकळतं.

"हिला काय झालंय?" मास्तर म्हणाले. "मी निववतोय, ही पेटवतेय."

"तिचं काम करतेय बिचारी," बायको म्हणाली.

"काम कसलं. उठवायला बघतेय. चहा ढोसा आणि चालते व्हा. बाहेर रांग दिसते ना."

तिसऱ्यांदा झाकण काढताना ते दाराकडे बघत होते. रांग खरंच होती. माणसं उभी, टेबलं भरलेली, आणि मास्तरांच्या बशीत पहिलंच गठुळं अर्धं.  आता सगळे आटपतील. आता हात पुसतील. आता थांबतील.

घास

मग कोळंबीचा अर्धा तुकडा उजव्या बाजूला, जिथे अजून जाग होती तिथे, आणि दात एकदा, जीभ शोधते, सापडला, पुन्हा दात, डावीकडे निसटला, गेला, कुठे गेला, गालाला बाहेरून बोट लावून हळूच परत ढकलायचा, कोणी बघतंय का, नाही, दात, पापुद्रा विरघळला, आहे काहीतरी गोडसर, गोडसर कळलं म्हणजे चव लागली, चव लागली होती का इतक्यात कधी, दात, हनुवटी छातीकडे, गिळा, पुन्हा गिळा, आणि मान वर.

मान वर केली तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ त्यांच्याकडे बघून मान झुकवत होते.

ओळख

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

दुसरा घास. हनुवटी छातीकडे, दोनदा गिळा. वर बघतात तो म्हातारबुवांनी पुन्हा मान झुकवली, जरा जास्त अदबीने.

"कोण आहेत ते?" बायकोने विचारलं.

"मला काय ठाऊक!"

"मग तुम्ही नमस्कार का करताय?"

"मी गिळतोय गं!"

लेकीने तोंडावर हात धरला. जावयाने धरला नाही. तो इतका हसला की खुर्ची मागे सरकली. मास्तरांना राग यायला हवा होता, पण म्हातारबुवा इतके खुशीत होते, इतक्या जिव्हाळ्याने मान तुकवत होते, की आता खुलासा करायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. म्हणून पुढच्या घासाला मास्तरांनी स्वतःहून त्यांच्याकडे तोंड करून गिळलं. पलीकडून नमस्कार आला. वसूल.

घशाच्या बाईने इतके महिने घसा फोडून सांगितलं होतं की प्रत्येक घासाला हनुवटी खाली गेलीच पाहिजे, आणि कोणी बघत असलं की मास्तर लाजून ती टाळायचे. आता टाळायची सोय राहिली नाही. माणुसकीला धरून नव्हतं.

मधेच

टोपल्या येत होत्या. हे मास्तरांच्या जरा उशिरानेच ध्यानात आलं. एक संपायच्या आत दुसरी यायची, कोणी तिच्यातलं एक घ्यायचं, कोणी मागच्या टोपलीतलं राहिलेलं. लेक पावाच्या गोळ्यावर होती, जावई कुठल्यातरी तळलेल्या गुंडाळीवर, बायको सगळ्यांच्या बशा भरण्यात. कोणाचं जेवण कुठवर आलंय ते कळायला मार्गच नव्हता. ताटच नव्हतं, तर ताट रिकामं कसं होणार? जेवणाला पुढचं टोक नव्हतं, मागचं नव्हतं. इथे मागे राहायचं म्हटलं तरी कोणाच्या मागे राहणार?

मास्तरांनी टेबलावरून नजर फिरवली. कोणीच त्यांच्यासाठी थांबलेलं नव्हतं.

त्यांनी पाव हातात घेऊन अंगठ्याने दाबला. खळगा पडला आणि हळूहळू भरून आला.

"फोम चांगला वापरलाय," ते म्हणाले, आणि आणखी एक मागितला.

रस

"हे जपून खायचं," गाडीवाली बाई नवी टोपली ठेवत म्हणाली. "आत रस आहे. आधी चमच्यात घ्या, छोटं भोक पाडा, रस प्या, मग खा."

"माहितीय," जावई म्हणाला. त्याला माहीत नव्हतं.

त्याने जेवायच्या काड्यांनी एक उचललं, अख्खं तोंडात टाकलं आणि चावलं. पुढचं सगळं एका क्षणात झालं. डोळे पांढरे. तोंडाचा चंबू. रसाची एक चिळकांडी थेट सासूबाईंच्या दिशेने, आणि बाकीचा ओघळ हनुवटीवरून शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत.

"अतिशहाणा," लेक म्हणाली.

"भाजलं, भाजलं! पाणी!"

"अरे, हे काय लहान मुलासारखं!" बायको उठलीच. तिच्या पदरावर डाग पडला होता. "थांबा, धुऊन येते. नाहीतर बसेल तो कायमचा." आणि ती मागच्या बाजूला हात धुवायच्या जागी गेली.

जावयाने तोंड पुसलं, शर्ट पुसला, काही झालंच नाही असा चेहरा केला. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात मात्र रसाचा एक थेंब तसाच लोंबत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

मास्तर बघत राहिले. घरी चहा पिताना त्यांचं असं झालं की बायको काही बोलायची नाही. नुसतं स्वतःच्या ओठाच्या कोपऱ्याला बोट लावायची, केसाची बट मागे सारावी इतक्या सहज, आणि मास्तर रुमाल काढायचे. ती खूण त्या दोघांचीच होती. आपल्यामुळे तिला ती शोधावी लागली, असं त्यांना वाटायचं.

त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि स्वतःच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला बोट लावलं.

जावयाने पुसलं. "गेलं?"

"गेलं."

मास्तरांनी खिशातला दुसरा रुमाल काढून त्याच्यापुढे सरकवला. "ठेवा. माझ्याकडे एक आहे."

पुन्हा झाकण, आणि बोटं

शेजारच्या टेबलावर म्हातारबुवांची मुलगी त्यांना चहा ओतत होती. त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक केली. मुलगी आपल्या गप्पांमध्ये परत गेली.

"त्यांना घाई दिसतेय," मास्तर गाडीवालीला म्हणाले. ती चौथ्यांदा किटली भरायला आली होती. "टेबल वाजवतायत. आणि बाई, तुम्हालाही घाई दिसतेय. सारखं उकळतं ओतताय. आम्ही उठावं असं वाटत असेल तर सरळ सांगा."

बाई थबकली. "काका, तुम्हीच तर मागताय."

"मी?"

"झाकण उघडं ठेवलंय ना तुम्ही. झाकण उघडं म्हणजे अजून चहा द्या, आम्ही बसलोय. आमच्याकडे कोणी ओरडून मागत नाही. मी म्हणतेय, काकांना चहा भारीच आवडलेला दिसतोय!"

लेक टेबलावर डोकं टेकून हसायला लागली.

"निवत ठेवलं होतं हो मी," मास्तर म्हणाले. "तोंड पोळतं माझं. कळत नाही मला."

"मग असं बोला की." बाईने एक रिकामा कप घेतला, त्यात थोडा चहा ओतला, दुसऱ्या कपात पालटला, परत पहिल्यात, दोन-तीनदा, आणि स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला कप टेकवून पाहिला. "घ्या. आता नाही पोळायचं. झाकण लावून ठेवते, म्हणजे मी छळणार नाही." ती हसली. "आणि ते आजोबा घाई करत नाहीत. आभार मानतायत. कोणी चहा ओतला की दोन बोटं टेकवायची. तोंडात घास असतो, गप्पा चालू असतात. कुठे सगळं थांबवून बोलत बसणार?"

गाडी पुढे गेली.

मास्तरांनी चहा घेतला. पोळला नाही. ते कपाकडे आणि मग बाईच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी तिला काय काय म्हटलं होतं, निदान मनात. आणि ती बापडी त्यांची हौस भागवत होती. बसा, अजून बसा, म्हणून.

ती परत आली

बायको ओला पदर झटकत परत आली तेव्हा जावई खुर्चीवर रेलला होता आणि लेकीने काड्या खाली ठेवल्या होत्या. दोघांचं पोट तुडुंब.

"तुम्ही काय घेतलंत?" तिने मास्तरांना विचारलं.

"सगळं. एकेक."

"सगळं?" तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान डोलावली.  बायकोने ओळीने रचलेल्या रिकाम्या टोपल्यांवर नजर टाकली आणि मग एकदम तिच्या लक्षात आल्यासारखं झालं की आपण सकाळपासून काही खाल्लं नाही. तिची बशी कोरी होती. सगळ्यांना वाढता वाढता राहून गेलं होतं, नेहमीसारखंच. एका टोपलीत दोन गठुळी उरली होती. ती तिने पुढे ओढली.

"मी पटकन आटपते," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत बाहेर. तुम्ही व्हा पुढे हवं तर."

पण हात आधी किटलीकडेच गेला. मास्तरांचा कप रिकामा दिसला होता. तिने झाकण उचलून चहा निवलाय का ते पाहिलं, दोनदा फुंकलं, मग ओतला. मास्तरांच्या तोंडात शेवटचा घास होता. पावाचा, गोड, अजून अर्धा चावायचा.

त्यांनी दोन बोटं वाकवली आणि टेबलावर टकटक केली.

"काय हवंय?" ती म्हणाली.

टकटक.

"मीठ? अहो, गोडात कुठे मीठ! पाणी हवंय? ठसका लागलाय का? अगं, बघ ना तुझ्या बाबांना काय हवंय!"

लेकीला ठाऊक होतं. ती सांगणार होती. तोंड उघडलंही, पण बाबांकडे बघितल्यावर मिटलं. जावई छताचे दिवे बघायला लागला.

मास्तर चावत होते. घाई केली नाही. एवढा संसार झाला, दवाखान्यातल्या इतक्या रात्री झाल्या, ओट्याशी उभ्याने खाल्लेली इतकी जेवणं झाली, पण घरच्या माणसाला आभार कसले, म्हणून ते कधी म्हटले गेले नव्हते. आणि आज म्हणायचे तर तोंडात घास. त्यांनी तिसऱ्यांदा बोटं टेकवली, जरा हळू, तिच्या हाताजवळ. शेजारच्या टेबलावरून म्हातारबुवांनी पाहिलं आणि या खेपेला मान झुकवली नाही. आपल्या कपात बघत राहिले.

हनुवटी छातीकडे. गिळलं. दोनदा.

"अहो, बोला की काहीतरी!"

"काही नको," मास्तर म्हणाले. "तू खा."

"खातेय. हे झालंच."

"झालं कसलं. आताशी बसलीयेस." त्यांनी उरलेली टोपली तिच्या आणखी जवळ सरकवली. एक गठुळं चमच्यावर घेऊन तिच्या बशीत ठेवलं, शिवण न फोडता, जसं होतं तसं. "कोळंबी आहे. चांगली आहे. मी बघितलंय आत."

मग ते खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"सावकाश होऊ दे," ते म्हणाले.

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्या पंगतीत तीही होतीच. मग खाली बघून तिने काड्या उचलल्या, त्या जमेनात म्हणून ठेवून दिल्या आणि हातानेच गठुळं उचललं. दारात रांग होती. गाडी तिकडच्या टोकाला वळत होती. मास्तरांनी हात लांब करून किटलीचं झाकण काढलं आणि तिरकं करून कडेवर ठेवलं.